शपथेवर रिकामं वर्ष

जून महिन्यात कर्जत स्टेशनच्या पुलावर एखादा मुलगा ओळखीचा चेहरा दिसताच मोबाइल कानाला लावतो आणि आल्या वाटेने परत फिरतो. त्याने कुणाची उधारी बुडवली असेल असा संशय घेऊ नये. त्याने ड्रॉप घेतलेला असतो, आणि समोरून येणाऱ्या काकांच्या ओठांवरचं ‘मग, सध्या काय?’ त्याला पन्नास पावलांवरूनच वाचता येतं.

‘ड्रॉप’ हा शब्द कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांत तसा नवा नाही. पोलिओचे ड्रॉप सगळ्यांना माहीत आहेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे तर तोंडपाठ. त्यामुळे नातीने ‘आजी, मी यंदा ड्रॉप घेतलाय’ असं सांगितलं की आजी काळजीने विचारते, “एकाच डोळ्यात घालायचा का दोन्ही?” मग सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं. बारावी झाली, मेडिकलच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा झाली, मार्क कमी पडले, म्हणून वर्षभर कुठेही प्रवेश न घेता पुन्हा नीट द्यायची. आजी शेतकऱ्याच्या घरातली. तिला अर्ध्यातच उमगतं.

“म्हणजे दुबार पेरणी म्हण की.”

इतकी नेमकी व्याख्या कुठल्याही क्लासच्या रंगीत माहितीपत्रकात सापडणार नाही. पहिला पाऊस फसवून गेला, रोपं करपली, आता पुन्हा बियाणं आणा, पुन्हा पैसे घाला आणि आभाळाकडे बघत बसा. फरक एवढाच की दुबार पेरणीच्या वेळी नुकसानभरपाईसाठी तहसील कचेरीवर मोर्चा तरी नेता येतो.

साहेबाच्या देशात याच वर्षाला गॅप इयर म्हणतात आणि ते कुणी लपवत नाही. राजपुत्र विल्यम शाळा संपल्यावर, 2000 साली, विद्यापीठात जायच्या आधी वर्षभर हिंडले. बेलिझच्या जंगलात राहिले, चिलीच्या एका शिबिरात काम केलं, गोठ्यातही राबले. चिलीत ते संडास घासत असतानाचे फोटो जगभर छापून आले आणि लोकांनी त्यांचं कौतुक केलं. तेच काम कर्जतच्या रिपीटरला आईने सांगितलं, तर ‘माझं ऑरगॅनिक केमिस्ट्री राहिलंय’ असं उत्तर मिळतं आणि आईलाच अपराध्यासारखं वाटतं. ओबामांच्या थोरल्या लेकीनेही 2016 साली हार्वर्डला जायच्या आधी एक वर्ष घरगुती भाषेत ‘वाया घालवलं’. अमेरिकेत तर मेडिकलला प्रवेश घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं थांबून आलेले असतात. त्या काळात कुणी अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करतं, कुणी डॉक्टरशेजारी बसून रुग्णांच्या नोंदी लिहितं, कुणी प्रयोगशाळेत नळ्या धुतं, आणि हे सगळं अर्जात नीटनेटकं सांगावं लागतं. शेरलॉक होम्सला जन्म देणारे कॉनन डॉयल 1876 साली एडिंबरात डॉक्टरकी शिकायला गेले, पण त्याआधीचं वर्ष त्यांनी ऑस्ट्रियात फेल्डकिर्खच्या शाळेत काढलं. बरं चाललं असावं. पुढे डॉक्टरकीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत नाव काढलं, हे मात्र आपल्याकडच्या पालकांना सांगण्यात अर्थ नाही.

आपल्या रिपीटरचे खरे सगेसोयरे पूर्वेला आहेत. जपानमध्ये प्रवेशपरीक्षा हुकून पुढच्या वर्षाची तयारी करणाऱ्या मुलाला ‘रोनिन’ म्हणतात. मूळ अर्थ, धनी नसलेला सामुराई. जपान्यांनी त्या पोराच्या कमरेला निदान तलवार तरी दिली. आपण काय दिलं? ‘रिपीटर’. चाळणीत अडकलेल्या खड्यासारखा शब्द.

जर्मनांचा प्रकार आणखी निराळा. तिथे मेडिकलच्या वीस टक्के जागा नुसती वाट बघणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. रांग वाढत वाढत चौदा-पंधरा सहामाह्यांवर, म्हणजे सात वर्षांवर गेली, तेव्हा 2017 च्या डिसेंबरात तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हे फार झालं असं बजावलं. ही सोय मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर असती तर लोकांनी जन्मतःच रुमाल टाकून जागा धरली असती.

आणि आपल्या रखमाबाई? 1889 साली त्या लंडनला डॉक्टर व्हायला गेल्या. त्याआधीची, 1884 ते 1888 ही वर्षं त्यांनी नवऱ्याने लावलेला खटला लढण्यात घालवली. ‘सध्या काय?’ हे त्यांना कुणी विचारलं नसेल. सगळा मजकूर वर्तमानपत्रांतच छापून येत होता.

आता हिशेब. हा हिशेब मांडल्याशिवाय कर्जतच्या कुठल्याही घरातली ड्रॉपची बैठक सुरू होत नाही. नीटमध्ये 180 प्रश्न, 720 गुण. बरोबर उत्तराला 4, चुकलं तर वजा 1. म्हणजे दोन पर्यायांत गोंधळ होऊन चुकीचा गोल रंगवला की एका फटक्यात 5 गुण जातात; लग्नाच्या बाबतीतही असा नियम असता तर माणसं जरा विचार करून वागली असती. 2024 साली देशात सुमारे 24 लाख मुलांनी अर्ज भरले, त्यातले 13 लाखांहून अधिक ‘पात्र’ ठरले, आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. हे पात्र होणं म्हणजे मुहूर्त निघाला, हॉल ठरला, नवरीचा पत्ता नाही. पण ‘क्वालिफाइड’ हा शब्द पडद्यावर दिसताच मामा पेढे आणतात. 2025 साली खुल्या गटात पात्र व्हायला 720 पैकी 144 गुण पुरत होते. पेढ्यांना एवढी सवलत दिल्यावर पेढे तरी काय करतील?

रायगड जिल्ह्याला स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेज मिळालं तेच 2021-22 मध्ये, अलिबागला, शंभर जागांचं. त्यातल्या पंधरा टक्के देशभरासाठी, उरलेल्या राज्यभरासाठी. कर्जतच्या मुलाला अलिबाग जवळ वाटतं खरं, पण गुणवत्ता यादीला भूगोल येत नाही.

त्यात दरवर्षी पेपरचा स्वभाव बदलतो. 2024 चा निकाल नेमका लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, 4 जूनला लागला. घरातली एक पिढी टीव्हीसमोर आणि दुसरी मोबाइलसमोर, दोघांनाही जागांचीच चिंता. त्या निकालात 67 जणांना पैकीच्या पैकी, म्हणजे 720 गुण होते. मग आरोप, कोर्टकचेरी, सुधारित निकाल, आणि जुलैअखेर 67 चे 17 झाले. पुढच्या वर्षी फिजिक्सचा पेपर असा आला की देशात पहिल्या आलेल्या मुलालाही 686 वर थांबावं लागलं. त्यामुळे ‘आमच्या भाच्याला साडेसहाशे होते तरी मिळालं नाही’ आणि ‘आमच्या पुतणीला त्याच्यापेक्षा किती कमी होते तरी मिळालं’ ही दोन्ही वाक्यं एकाच बैठकीत, एकाच चहाच्या कपावर उच्चारली जातात आणि दोन्ही खरी असतात.

बैठकीला येणाऱ्यांची यादी ठरलेली. वडील, जे निर्णय घेतात असं सगळे समजतात. आई, जी निर्णय घेते. पुण्याचे मामा व्हिडिओ कॉलवर. खोपोलीची आत्या, जिच्या दिराचा मुलगा फिजिओथेरपिस्ट आहे आणि ज्याला ती गेली चार वर्षं ‘डॉक्टरच आहे की तोही’ म्हणते. शेवटी कोपऱ्यात ज्याचं वर्ष आहे तो. त्याला विचारतात, पण ‘पाणी पिणार का’ विचारतात त्याच आवाजात.

खरं तर वर्ष कसं घालवायचं हा प्रश्न या बैठकीत कधी येतच नाही. वर्ष कुठे घालवायचं, एवढीच चर्चा होते. कोटा, लातूर, पुणे किंवा माडीवरची खोली. कोट्याहून अधूनमधून येणाऱ्या बातम्या आईने वाचलेल्या असतात. तो पर्याय चर्चेला यायच्या आधीच खोडलेला असतो, आणि त्यावर कुणी विनोद करत नाही.

उरतं लातूर. ज्या काळी बारावीच्या मार्कांवर डॉक्टर होता येत होतं, त्या काळापासून राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी गुणवत्ता यादीवर असा कब्जा केला की ‘लातूर पॅटर्न’ हा वाक्प्रचारच झाला. परीक्षा बदलल्या, राज्याची सीईटी आली, गेली, नीट आली, पॅटर्न आहे तिथेच. गावात एका भागाला लोक सरळ ‘ट्युशन एरिया’ म्हणतात. मुंबईत दवा बाजार असतो, पुण्यात तुळशीबाग असते, लातुरात ट्युशन एरिया. खानावळी, झेरॉक्सची दुकानं, वसतिगृहं, आणि रस्त्यावर दिसणारा प्रत्येक माणूस एकतर सतरा-अठरा वर्षांचा किंवा त्याला भेटायला डबा घेऊन आलेला.

कर्जतहून लातूरला गेलेल्या मुलाची पहिली परीक्षा नीटची नसते. “कुठला रे तू?” “कर्जतचा.” “नगरचं कर्जत?” “नाही, रायगडचं.” “रायगडात कर्जत आहे?” मग तो शेवटचा पुरावा काढतो, “ते वड्याचं. दिवाडकरांच्या.” झटक्यात ओळख पटते. दीडशे वर्षांहून जुन्या रेल्वे स्टेशनची, उल्हास नदीची आणि मागच्या एवढ्या मोठ्या सह्याद्रीची ओळख शेवटी बटाट्यावर येऊन ठेपते, याचं त्याला पहिल्या महिन्यात वाईट वाटतं. दुसऱ्या महिन्यात खानावळीतलं जेवून जेवून तो स्वतःच पहिल्यांदा वड्याचं नाव घेतो.

दुसरा धक्का पाण्याचा. जो मुलगा चार महिने घरातल्या गळतीखाली बादल्या मांडून वाढला, तो अशा शहरात येतो जिथे 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. वसतिगृहाच्या नळाला ठरावीक वेळी पाणी येतं हे कळल्यावर त्याने घरी फोन केला, तर आई म्हणते, “इथे तीन दिवस सूर्य दिसला नाही, कपडे वाळत नाहीत. तुझ्याकडे पाठवू का?”

मुंबईहून लातूरला जाणारी गाडी कर्जतवरूनच घाट चढते, ही गोष्ट वडिलांना फार अर्थपूर्ण वाटते. भोर घाटाचा चढ काही ठिकाणी 1 ला 37 आहे. 1863 पासून या घाटाने भल्याभल्या इंजिनांचा दम काढला. म्हणून कर्जतला गाड्यांच्या मागे बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं लावतात, आणि लोणावळ्याला काढून घेतात. वडिलांचं म्हणणं, ड्रॉपच्या मुलालाही असंच मागून ढकलणारं कुणीतरी लागतं. उपमा चांगली आहे. फक्त एक अडचण. बँकर लोणावळ्याला सुटतो, वडील सुटत नाहीत. सकाळी सहाला फोन, ‘उठलास का?’ रात्री अकराला फोन, ‘झोपला नाहीस ना?’

घरीच राहू दे म्हणणाऱ्या गटाचं नेतृत्व बहुधा शेतकरी काका करतात, आणि त्यांच्याकडे स्थानिक दाखला असतो. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातशेतीची अशी पद्धत रूढ केली की चिखलणी नको, रोपं उपटून लावणी नको. गादीवाफ्यावर थेट टोकण. काकांचा मुद्दा बिनतोड असतो. “रोप न उपटता भात होतो, मग पोरगा उपटून लातुरात कशाला लावायचा? आहे तिथेच टोका.” त्यावर आत्या म्हणते की भाताला मोबाइल नसतो. बैठक इथे स्थगित होते.

आहे तिथेच टोकायचं म्हणजे ऑनलाइन व्याख्यानं, गावातली अभ्यासिका आणि माडीवरची खोली. पहिले दोन महिने पावसाचे. लाइट गेली की व्याख्यान थांबतं आणि खिडकीबाहेर बेडकांचं सुरू होतं. याच बेडकावर नीटला प्रश्न येतो. 2024 साठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जो अभ्यासक्रम जाहीर केला, त्यात प्राण्यांच्या शरीररचनेच्या मुद्द्यात बेडकाचं नाव चक्क ‘कीटक’ या शब्दाशेजारी कंसात छापलेलं होतं. कर्जतच्या मुलाने आयुष्यभर ओट्यावरून हाकललेला प्राणी रातोरात कीटकांच्या पंगतीला बसला. अभ्यासक्रमात लिहिलंय ते खरं मानायचं की खिडकीबाहेर ओरडतंय ते, असा तात्त्विक पेच ज्या मुलाला पडला, त्याला बाकीचे गुण बरे मिळाले असावेत.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारचं दुःख वेगळंच. त्या दोन दिवशी सगळी मुंबई कर्जत-खालापूरला लोटते. धबधबे, धरणं, नदीकाठची फार्महाउस. गर्दी एवढी की प्रशासनाला बऱ्याच धबधब्यांवर बंदीचे आदेश काढावे लागतात. मोठमोठ्या पगाराचे लोक कामातून ‘ब्रेक’ घेऊन, स्वतःचा शोध घ्यायला, रात्रीचे काही हजार मोजून इथल्या एखाद्या खोलीत राहतात, जिच्या खिडकीतून डोंगर दिसतो. शंभर पावलांवर दुसऱ्या खोलीत, त्याच डोंगराकडे पाठ करून, एक मुलगा वर्षभर फुकट राहतो आणि त्याला सगळे विचारतात, बाहेर कधी पडणार?

दिवाळी संपते न संपते तोच टेनिस क्रिकेट सुरू होतं. रायगडात टेनिस चेंडूच्या स्पर्धा हा खेळ नाही, ऋतू आहे. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात पिच, चार कोपऱ्यांत कर्णे, आणि दिवसभर समालोचन. मुलगा ओमचा नियम वाचत असतो आणि बाहेरून आवाज येतो, ‘काय मारलाय, काय मारलाय, थेट नदीत!’ संघात गेल्या वर्षापर्यंत तो तिसऱ्या क्रमांकाला खेळायचा. आता त्याच्या जागी कोण आहे, हे त्याला समालोचनावरूनच कळतं. प्रक्षेप्य गतीचं गणित त्याला एरवी सुटत नाही. पण आवाजावरून चेंडू किती अंशाने गेला असेल ते तो बिनचूक सांगतो. याचे गुण मिळत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये हळदी. नीट बहुतेक वर्षी मेच्या पहिल्या रविवारी असते, आणि या भागातल्या लग्नांची दाट तिथीही तीच. इथली हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. ज्यांनी ऐकली आहे त्यांना पुन्हा ऐकू यायला वेळ लागतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शेजारी हळद निघाली की घरचे यजमानांना जाऊन विनंती करतात, “पोरगीची नीट आहे हो.” यजमान भला माणूस. “नाही नाही, आवाज कमी ठेवतो,” म्हणतो, आणि ठेवतोही, रात्री दोननंतर. मुलीला लग्नाला यायची मात्र बंदी. वर्षभरात तिने स्वतःच्या मामेबहिणीचं लग्नही व्हॉट्सअ‍ॅपवर बघितलेलं असतं.

एक मध्यममार्गही असतो, ज्याला कुणी धड नाव दिलेलं नाही. जवळच्या कॉलेजात नावाला बीएस्सीला प्रवेश घ्यायचा आणि मनाने नीट द्यायची. ‘हातचं सोडू नये’ हे आत्याचं तत्त्वज्ञान. किंवा तिसऱ्या-चौथ्या फेरीत मिळणारं बीएएमएस घ्यायचं की सोडायचं, यावर पुन्हा एक बैठक. प्रवेशाच्या फेऱ्या लांबत जातात, रिपीटरच्या बॅचेस मात्र पावसाआधीच सुरू झालेल्या असतात. त्यामुळे ड्रॉप घ्यायचा की नाही हे ठरेपर्यंत त्यातले तीन-चार महिने होऊन गेलेले असतात. वर्ष कसं घालवायचं हे ठरवण्यातच वर्षाचा पहिला भाग जातो, ही या योजनेची मूळ रचना आहे.

आता मधेच एक गंभीर गोष्ट, थोडक्यात. डॉक्टर होऊ बघणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला या दोन तालुक्यांत एका वर्षात जे शिकता येईल, ते शिकायला परदेशी मुलं विमानाची तिकिटं काढतात. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकला ग्रामीण रुग्णालयं. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या, जिथून पावसात बाई बाळंतपणाला डांबरी रस्त्यापर्यंत कशी आणतात ते नुसतं बघितलं तरी दोन पाठ्यपुस्तकं होतील. एक्स्प्रेसवेच्या घाटात अपघात झाला की धावणारे खोपोलीचे स्वयंसेवक. 2023 च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा रात्री पावसात तो डोंगर चढून गेलेल्यांत इथली गिरिभ्रमण करणारी मुलं होती.

आणि याच जिल्ह्यात डॉ. हिम्मतराव बावस्कर. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 पासून त्यांनी लाल विंचवाच्या दंशाने मरणारे रुग्ण बघितले, रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, त्यावर 1982 मध्ये लॅन्सेटमध्ये लेख लिहिला आणि पुढे प्राझोसिन या औषधाने ती माणसं वाचवून दाखवली. 2022 मध्ये पद्मश्री. पण विंचू चावलेल्या माणसाशेजारी बसलेल्या मुलाला गुणवत्ता यादीत अर्धा गुणही अधिक मिळत नाही, हे बैठकीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून कुणी तो विषय काढत नाही. त्यांचं चुकतं असंही म्हणता येत नाही. चुकतं ते यादीचं.

असो. महाडचे डॉक्टर बैठकीत येत नाहीत, पण महडचा गणपती हमखास येतो. अष्टविनायकांतला वरदविनायक खालापूर तालुक्यातच असल्यामुळे नवस बोलायला लांब जावं लागत नाही, ही या भागातल्या रिपीटरला मिळणारी एकमेव भौगोलिक सवलत. संकष्टीला आई, मंगळवारी आत्या आणि सराव परीक्षेच्या निकालानंतर वडील, असं तिथे आळीपाळीने जाणं होतं. तिथला दोरा मनगटात असतो, आणि तो दोरा परीक्षा केंद्रावर चालेल की कापतील, यावर आदल्या रात्री शेवटची बैठक होते.

परीक्षा रविवारी. कर्जतकराला रविवार म्हटला की आधी मेगाब्लॉक आठवतो. केंद्र नवी मुंबईकडे आलं, तर कर्जत-पनवेल उपनगरी मार्गाची आठवण निघते. मुंबईच्या रेल्वे विकासाच्या ज्या तिसऱ्या टप्प्यात तो आहे, त्याला 2016 साली मंजुरी मिळाली. तोही बिचारा तारीख पे तारीख करत रिपीटरांच्याच बॅचमध्ये बसला. म्हणून सगळं कुटुंब शनिवारीच खांदा कॉलनीत किंवा कामोठ्यात कुणाच्या तरी घरी मुक्कामाला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, साध्या चपला, पारदर्शक बाटली. पेपर दोनला, गेट दीडला बंद. एक मिनिट उशीर झालेल्या मुलांचे रडतानाचे व्हिडिओ आईने वर्षभर साठवून ठेवलेले असतात, म्हणून सगळे साडेदहालाच गेटवर हजर. उन्हात तीन तास उभं राहून बाकीच्या पालकांशी बोलणं होतं, आणि तिथे कळतं की कुणाची दुसरी वेळ आहे, कुणाची तिसरी, कुणी मोजणं सोडलंय. वयाची वरची अट नाही. ओडिशातले एक निवृत्त बँक अधिकारी 2020 साली, वयाच्या 64 व्या वर्षी नीट उत्तीर्ण होऊन एमबीबीएसला बसले. ही बातमी रिपीटरच्या वडिलांना धीर देते आणि रिपीटरला धडकी भरवते.

मग निकाल लागतो. ज्यांना जागा मिळते त्यांच्या घरी कागदपत्रांची धावपळ सुरू होते. डोमिसाइल, नॅशनॅलिटी, जातीचा दाखला, वैधता, फिटनेस. या सगळ्यांच्या तळाशी एक अर्ध्या पानाचा कागद असतो, गॅप अ‍ॅफिडेव्हिट. बारावी एका साली आणि प्रवेश दुसऱ्या साली, मग मधलं वर्ष कुठे गेलं ते सांगा. तहसील कचेरीबाहेरच्या टायपिस्टकडे मजकूर तयारच असतो, फक्त नाव आणि साल भरायचं. त्याचा सारांश असा की या काळात मी कुठेही शिक्षण घेतलेलं नाही, कुठेही नोकरी केलेली नाही, कोणताही गुन्हा केलेला नाही, हे शपथेवर खरं आहे.

म्हणजे 50 सराव परीक्षा, एनसीईआरटीची ओळ न ओळ, लातूरची खानावळ, पुलावरून पळणं, मामेबहिणीचं चुकवलेलं लग्न आणि तिसऱ्या क्रमांकावरची हुकलेली फलंदाजी, या सगळ्यानंतर मुलगा कर्जतच्या किंवा खालापूरच्या कचेरीत उभा राहतो आणि सरकारला शपथेवर सांगतो की साहेब, मी वर्षभर काहीही केलं नाही. ज्याने आत्याचं ऐकून नावाला बीएस्सी धरून ठेवलं, त्याची इथे पंचाईत होते; त्याला काहीतरी केल्याचं कबूल करावं लागतं.

जाताना दोन पासपोर्ट फोटो, आधार कार्डाची झेरॉक्स आणि बारावीची गुणपत्रिका सोबत असू द्यावी. दीडच्या सुमारास मात्र जाऊ नये. तेव्हा जेवणाची सुट्टी असते. गेट उघडंच असतं.